टाळी पडू नये अशी धून

सातव्या धुनेलाही टाळी पडली. धाकटीने अकॉर्डियनचा भाता फाटकन मिटला आणि मान खाली घातली. जगातल्या बाकी सगळ्या वाजवणाऱ्यांच्या अंगावर टाळी ऐकली की मूठभर मांस चढतं. हिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

सर्कशीच्या तंबूत तेव्हा प्रेक्षक नव्हते. लाकडी बाकांवर बाईंनी घरचीच माणसं धरून आणून बसवली होती. स्वयंपाकी होता, दोर ओढणारे होते, घोड्यांना खरारा करणारी दोघं होती, तिकिटं फाडणारा होता. सर्कस बाईंच्या मालकीची होती आणि त्यांचा हुकूम एकच होता. "जिथे टाळी वाजवावीशी वाटेल तिथे वाजवा. माझ्या तोंडाकडे बघू नका." मंडळी इमानदार होती. धून जिथे जिथे संपल्यासारखी वाटली तिथे तिथे त्यांनी हात लाल होईस्तोवर टाळ्या पिटल्या, आणि दर टाळीला वर तारेवर चालणारी ताई थांबली.

"बघितलंत?" बाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजाला कर्णा लागत नसे. "बाकं हलली की खांब हलतात, खांब हलले की तार हलते. सरळ चालताना ठीक आहे. ही थांबते, हात पसरते, लोक खूश होतात. पण एका पायावर वळताना टाळी पडली तर? मला तिला स्ट्रेचरवरून न्यायची हौस नाही. उद्या दुपारी पुन्हा ऐकेन. तेव्हाही टाळी पडली तर रात्रीच्या खेळात जुनंच चालणं. नव्याचं नावसुद्धा पुन्हा माझ्यासमोर काढायचं नाही."

ताई तारेवरच उभी होती. तिने खाली बहिणीकडे पाहिलं आणि हळूच हसली, आणि त्या हसण्याने धाकटीला आणखीच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

कारण हा नवा खेळ म्हणजे ताईचा जीव की प्राण होता. तारेच्या मधोमध जायचं, एका पायावर गर्रकन नव्हे तर सावकाश, लोण्यातून सुरी फिरावी तसं वळायचं आणि उरलेली अर्धी तार पाठमोरं चालत जाऊन पलीकडची फळी टाचेने शोधायची. दोन वर्षं ती हे गुडघाभर उंचीच्या तारेवर घोटत होती. वय काही थांबत नव्हतं. तंबूत खाली जाळी असते, हे खरं. पण जाळीत पडलेला माणूस धड उठतोच असं नाही, हे ताईचा डावा खांदा थंडीत रोज सांगायचा. आणखी दोन वर्षांनी हे जमणार नाही, हे तिला कळत होतं. म्हणजे आता नाही तर कधीच नाही.

मग अडलं कुठे? अडलं धुनेत.

जुन्या चालण्यासाठी काकांची धून होती. काका अकॉर्डियन धाकटीच्या गळ्यात अडकवून लेकीकडे राहायला गेले, ती धून मात्र सगळ्यांच्या कानात ठेवून गेले. छोटीशी, गोड, पुन्हा पुन्हा तीच. नव्या लांबलचक खेळाला ती पुरणं शक्य नव्हतं. नवी बांधायला हवी होती, पण हवी तशी बांधायची मोकळीक नव्हती. धुनेखालचा खर्ज ठरलेला होता. बाबा तो आपल्या पिंपाएवढ्या भोंग्यावर फुंकायचे. आठ सूर. घरच्या सुरापासून निघायचं, पायरी पायरी उतरत तळघरात जायचं, तिथून दोन उड्यांत वर येऊन पुन्हा घरी. संपलं की पुन्हा पहिल्यापासून. बाबांना सर्कशीत सगळे 'खर्ज'च म्हणत, आणि बाबांना त्याचा केवढा अभिमान! ताई परकर सावरत पहिल्यांदा तारेवर चढली ती याच आठ सुरांवर. एक सूर, एक पाऊल. तिच्या पायांना दुसरी भाषाच येत नव्हती. त्यातला एक सूर जरी बदलला तरी पाऊल चुकायचं. तेव्हा खर्जाला हात लावायचा नाही, वर काय ती मजा करा, असा मामला होता.

धाकटीने मजा करून पाहिली होती. सात वेळा. आणि प्रत्येक धून बाबांच्या आठ सुरांवर अशी चपखल बसली होती, जसं डब्यावर डब्याचंच झाकण. बाबा खूश होऊन म्हणायचे, "वा! कशी एकदम घरी आलो दोघं!" तीच तर गोची होती. दोघं एकदम घरी आले की लोकांना वाटायचं, झालं. आणि झालं असं वाटल्यावर माणूस टाळी वाजवणार नाही तर काय करणार?

"आणि नुसती टाळी नाही गं," ताईने त्या संध्याकाळी त्यांच्या घराच्या, म्हणजे चाकांवरच्या घराच्या, पायरीवर बसून खांद्याला तेल चोळता चोळता सांगितलं. "शेवट ऐकू आला ना, की माझं अंगच सैल पडतं. इतकी वर्षं तसंच शिकवलंय त्याला. टाळी कानावर पडायच्या आधीच गुडघे ढिले होतात. वळताना ते झालं तर मी गेलेच."

"मग मी शेवटच करत नाही," धाकटी म्हणाली.

"शेवट नाही तर मग धून कसली? ते नुसतं दळण," आतून बाबांनी ठणकावलं. ते बटाटे सोलत होते आणि त्यांचे कान शाबूत होते.

धाकटी चिडून झोपायला गेली. ती चिडली की फार लवकर झोपायची, हा तिचा एक गुणच म्हणायचा.

सकाळी ऊन पडलं तशी तिघं तंबूमागच्या मोकळ्या जागेत खालच्या तारेपाशी जमली. बाबांनी भोंगा मांडीवर घेतला, धाकटीने पट्टे खांद्यावर चढवले. कोपऱ्यात पाण्याच्या नळाला आरसा टेकवून ढब्बू दाढी करत होता. ढब्बू म्हणजे बँडचा ढोलवाला. ताईच्या चालण्याच्या वेळी ढोल वाजत नसे, त्यामुळे त्याला फक्त ऐकायचंच काम असायचं. तोंडभर साबण लावून तो म्हणाला, "चालू द्या. आज आठवी का? मी आपली टाळी तयार ठेवतो."

"टाळीला साबण लागेल," धाकटी फणकारली.

या बँडचा एक नियम होता, आणि तो बाबांच्या बाबांपासून चालत आलेला. हातवारे नाहीत, एक-दोन-तीन नाही. ताईचा डावा पाय तारेवर पडला की खर्ज सुरू. उजवा पडला की धून सुरू. वाजवणाऱ्याने आपल्या मनाने सुरू करायचंच नाही. पाय सांगतील तेव्हा, आणि पाय पलीकडच्या फळीवर टेकले की बंद. तशी धून खर्जाच्या एक सूर मागून निघायची आणि शेवटी बरोबर त्याला गाठायची.

त्या सकाळी ताईने डावा पाय तारेवर ठेवला. बाबांनी फुंकर घातली. आणि नेमका तेव्हाच तिच्या केसांचा आकडा निसटला. ती तशीच थांबली, एक पाय तारेवर, एक फळीवर, आकडा दातात, दोन्ही हात केसांत. बाबांचे सूर खाली उतरत चालले. एक झाला, दोन झाले. धाकटी बोटं पट्ट्यांवर ठेवून वाट बघत राहिली. सूर वाया जाताहेत हे दिसत होतं, पण नियम म्हणजे नियम. चौथा सूर गेला तेव्हा कुठे ताईने उजवा पाय उचलून तारेवर टाकला.

धाकटी निघाली. आठवी धून, कालच्याच सातवीला थोडं नवं लुगडं नेसवलेलं. सगळंच वाकडं बसत होतं. दोन ठिकाणी वरचा सूर आणि खालचा सूर एकमेकांना कचकन चावले. बाबांच्या भुवया भोंग्यावरून वर आल्या. बाबा आठव्या सुराला घरी पोचले तेव्हा धाकटी अजून वाटेतच होती, भर चढावर. बाबा दुसऱ्यांदा घराबाहेर पडून पायऱ्या उतरायला लागले तेव्हा ही घरी पोचली. पण घरात कुणी नव्हतं, तेव्हा थांबून करायचं काय? ती तशीच पुढच्या ओळीत शिरली. पुन्हा तेच. बाबा पोचले, ही नाही. ही पोचली, बाबा निघालेले.

आणि ताई चालत होती.

थांबत नव्हती! एकही गुडघा ढिला पडत नव्हता, एकदाही हात पसरत नव्हते. तारेच्या त्या टोकाला गेली, पलीकडच्या फळीवर चढली आणि तिथे उभी राहून वळून बघायला लागली, कुणी तरी ढकलत आणून सोडल्यासारखी.

"उशिरा शिरलीस," बाबा भोंग्यातून तोंड काढून म्हणाले. "सगळा विचका झाला."

"अरे, पण संपलं कधी?" ढब्बूने विचारलं. त्याचा वस्तरा हवेत तसाच होता, अर्ध्या गालावरचा साबण सुकून गेला होता. "मी टाळीसाठी थांबलोय कधीचा!"

धाकटीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. "बाबा!" ती ओरडली. "बाबा, बाबा, बाबा! ढब्बूची दाढी बघा!"

"तिचं काय बघायचंय?"

"अहो, त्याला कळलंच नाही कुठे संपलं! तुमचं संपतं तिथे माझं संपायलाच नको. माझं संपेल तिथे तुमचं अर्धवट असू दे. सांधा एकमेकांनी झाकायचा. ताई, चढ परत. चढ, चढ, चढ!"

ताई लहान मुलीसारखी पळत आली. बाबा मात्र भोंगा खाली ठेवून बसले. त्यांचा चेहरा पडला होता.

"हे बरोबर नाही," ते म्हणाले. "माझे वडील खर्ज फुंकायचे, आई वर वाजवायची. भांडले तरी ओळीच्या शेवटी एकदम घरी यायचे. मी आणि काका तसेच. आता मी घरी पोचणार आणि दारात कुणी नाही! ही बया कुठे तरी वर भटकतेय. मला नाही बरं वाटत ते."

बाबांचं दुखणं खोटं नव्हतं. ती त्यांच्या शेजारी उकिडवी बसली, आणि तिथून तिला त्यांच्या गळ्याची शीर दिसली. तरारून फुगलेली, अजून खाली न बसलेली.

"बाबा, तुम्ही श्वास कुठे घेता?"

"शेवटी. टाळी पडते तेव्हा. नाही तर कधी घेणार?"

"आणि टाळी पडलीच नाही तर?"

हा विचार बाबांनी केलाच नव्हता. दुप्पट लांब खेळ, मध्ये टाळी नाही आणि त्यांचं वय असं. तोंड उघडं टाकून त्यांनी लेकीकडे पाहिलं.

"तुमचा आठवा सूर झाला की खुशाल श्वास घ्या," धाकटी म्हणाली. "त्या वेळी मी भर चढावर असेन. सगळ्यांचे कान माझ्याकडे. तुमच्या तोंडात सूर नाही हे कुणाला कळणारसुद्धा नाही. आणि माझा भाता उघडून उघडून संपला, उलटा वळवायची वेळ आली, की तेव्हा तुम्ही खाली भक्कम असायचं. एकाने दम घ्यायचा तेव्हा दुसऱ्याने धरून ठेवायचं. दारात उभी नसेन मी, पण घर उघडं टाकून गेलेली पण नसेन."

बाबांनी बराच वेळ भोंग्याच्या पितळेवरचा डाग अंगठ्याने घासला. मग म्हणाले, "ते दोन सूर चावले ते आधी नीट कर. कान फाटले माझे."

म्हणजे परवानगी!

मग जे काही सुरू झालं त्याला काम म्हणायचं की धिंगाणा, कोण जाणे. चावणारे सूर तिने चुटकीसरशी बदलले. खरी गंमत पुढे होती, धून लांबवायची. तिने तीन सुरांचा एक एवढासा तुकडा घेतला: दोन पायऱ्या चढायच्या, एक उतरायची. तो बाबांच्या पाचव्या सुरावर सोडला. मग तोच एक पायरी वरून. मग तिसऱ्यांदा आणखी वरून, पण या वेळी उतरायचंच नाही, वरच लोंबकळायचं. तेवढ्यात बाबा घरी येऊन, दम घेऊन, पुन्हा बाहेर पडलेले. मग उलटा तुकडा, उतरता. मग त्याला शेपूट. काल रात्री ज्या आठ सुरांनी तिला कोंडून घातलं होतं तेच आज संपता संपेनात. खाली तेच ते, तेच ते, आणि वर प्रत्येक वेळी नवं दार. "अजून एक! अजून एक आहे!" ती ओरडायची, आणि बाबा लाल चेहऱ्याने फुंकायचे, आणि ढब्बूने उरलेली अर्धी दाढी तशीच ठेवून तिच्या अकॉर्डियनवर पाण्याचा डबा सांडता सांडता वाचवला.

सगळ्यात मोठा शोध वळण्याचा लागला. वळताना काय वाजवायचं? धाकटीने पळापळीचे सूर करून पाहिले, ताईने मान हलवली. हळू सूर करून पाहिले, तेही नाही. शेवटी वैतागून तिने एकच सूर दाबून धरला आणि म्हणाली, "मग हे घे!" आणि गप्प झाली, कारण तो एकच सूर बदलत होता. बोट तर हललंही नव्हतं. खाली बाबा एकेक पायरी उतरत होते आणि प्रत्येक पायरीवर वरचा तोच सूर कधी उदास होत होता, कधी टोचत होता, कधी उजळत होता. तारेवर ताई एका पायावर त्या सुराबरोबर वळत गेली, सावकाश, पूर्ण, आणि पाठमोरी उभी राहिली. बाबांनी भोंगा बाजूला केला आणि नाक पुसलं.

दुपारी बाईंनी तीच मंडळी पुन्हा बाकांवर बसवली. ताई अर्ध्यावर गेली, वळली, पाठमोरी चालत फळीवर पोचली, आणि तोवर तंबूत एक टाळी पडली नाही. फळीवर दोन्ही पाय टेकले, धून आणि खर्ज एकदम घरी आले, तरी क्षणभर सगळे नुसते बसून होते. मग स्वयंपाक्याने डोक्यावरची टोपीच हवेत उडवली. बाई एवढंच म्हणाल्या, "रात्री जाळी जरा ताणून बांधा." बाईंच्या तोंडून याहून मोठी शाबासकी आजवर कुणाला मिळालेली नव्हती.

दिवे लागले आणि खेळ सुरू झाला. तंबू खच्चून भरला होता. बाकं करकरत होती, पोरं आयांच्या मांडीवर उभी राहून बघत होती. ताई शिडी चढून वर गेली तेव्हा धाकटीला वाटलं, पट्टे सोडावेत आणि पळून जावं. पण ताईचा डावा पाय तारेवर पडला. खर्ज निघाला. ताई ठरल्याप्रमाणे थांबली, सूर जाऊ दिले. मग उजवा पडला.

पहिली अर्धी तार तर पाण्यासारखी गेली. बाबा घरी पोचत होते, दम घेत होते, कुणाला पत्ता लागत नव्हता. एक-दोन हात टाळीसाठी वर झालेले धाकटीला दिसले आणि तसेच हवेत राहिलेले दिसले. मधोमध ताई थांबली. एक पाय उचलला. धाकटीने तो एकच सूर धरला.

ताई वळायला लागली. पाव वळली. अर्धी वळली. आणि तार डोलली.

बाहेर वारा सुटला असेल, कापड फुगलं असेल, काय झालं ते नंतरही कुणाला नक्की सांगता आलं नाही. ताई अर्ध्या वळणात, एका पायावर, तारेला आडवी उभी होती आणि हलत नव्हती. तार शांत होण्याची ती वाट बघत होती. बाबांचा आठवा सूर आला आणि गेला. इथे वळण पुरं व्हायचं होतं, इथून धुनेने पुढची ओळ घ्यायची होती. पुढची ओळ पावलांची होती, आणि पावलं नव्हती! भाता उघडत उघडत टोकाला आलेला. सूर तुटला की शेवट. शेवट झाला की टाळी. धाकटीने बाबांच्या तिसऱ्या सुरापर्यंत कसाबसा दम काढला, आणि तो भक्कम सूर घुमताच त्याच्या आडोशाने भाता उलटा वळवला. सूर तुटला नाही.

पण आता एका सुरावर लोक किती वेळ थांबणार? एकजण खाकरला. तेव्हा तिने सकाळचा तो एवढासा तुकडा हळूच खालून सोडला, दोन पायऱ्या वर, एक खाली. मग वरून. मग त्याला कधी न वाजवलेली शेपटी जोडली. हे कुठेही बांधलेलं नव्हतं, कुणाला ठाऊक नव्हतं, तिला स्वतःलाही पुढचा सूर बोट पडल्यावरच कळत होता. भीती कुठल्या कुठे पळाली. ताईच्या त्या एका घोट्याकडे डोळे लावून ती वाजवत सुटली आणि मनात म्हणत राहिली, तू थांब गं, हवी तेवढी थांब, माझ्याकडे भरपूर आहे!

तार निवली. ताई पुढचं अर्धं वळण वळली आणि तिने पाठमोरं पहिलं पाऊल मागे टाकलं. आता तिचा चेहरा बँडकडे होता. घामाने चमकत होता आणि चक्क हसत होता.

एक घोळ मात्र झाला होता. या जास्तीच्या फेऱ्यांनी सगळा हिशोब सरकला होता. बांधलेली धून फळीपाशी खर्जाबरोबर घरी यायची होती. आता ती कुठे यायची कुणास ठाऊक. ताईची टाच मागे चाचपडत गेली आणि फळीला लागली, तेव्हा बाबा तिसऱ्याच सुरावर होते, पायऱ्या उतरत, आणि धाकटी तर सगळ्यात उंच टोकाला पोचली होती. नियम सांगत होता की पाय टेकले की बंद. म्हणजे इथेच, तोंडातला घास टाकावा तसं सगळं टाकून द्यायचं. तिचा जीव हळहळला. तरी ती भाता आवरायला निघाली.

तेवढ्यात तिचं लक्ष वर गेलं. टाच फळीवर होती. दुसरा पाय अजून तारेवर होता. तो उचलायला काहीच अडचण नव्हती. ताई तशीच उभी होती, हात पसरलेले, अर्धी फळीवर, अर्धी तारेवर. ती थेट धाकटीकडे बघत होती. तिने हनुवटी जराशी वर केली. वाजव.

जन्मभर या घरातलं वाजवणं ताईच्या पायांसाठी थांबत आलं होतं. आज पाय थांबले होते.

धाकटीचे हात मोकळे सुटले. उंचावरून ती उतरायला लागली, घाई न करता, प्रत्येक पायरीवर पाय ठेवत. बाबांनी ऐकलं, लेकीकडे डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं आणि तळघरातून दोन उड्या मारून वर आले. सातवा सूर. आठवा. दोघं एकदम घरी पोचली, आणि त्याच सुरावर ताईने तारेवरचा पाय उचलून दुसऱ्याशेजारी ठेवला.

तंबू फुटतो की काय असं वाटलं. बाकं हलली, खांब हलले, तार थयथय नाचली, आणि आता तिला हवं ते करायची मुभा होती.

ताई शिडी उतरून खाली आली तशी बाबांनी तिला पडद्यामागे गाठलं. त्यांचा चेहरा रागाने लाल होता की फुंकून, ते सांगणं कठीण होतं.

"टाच लागली होती ना फळीला? मग दुसरा पाय उचलायला काय झालं होतं? इथे माझा जीव टांगणीला लागला होता कधीचा! तार काय बसायला दिलेली खुर्ची आहे?"

"हिचं संपलं नव्हतं ना, बाबा," ताई म्हणाली. "मधेच कशी उतरणार?"

धाकटीला डोळ्यांतल्या पाण्याने काही दिसेचना. तिने पुढे होऊन बहिणीला मिठी मारली, पण गळ्यातला अकॉर्डियन काढायचं भान राहिलं नव्हतं, आणि दोघींच्या मध्ये दाबला जाऊन त्याने असा काही बेसूर टाहो फोडला की पडद्यापलीकडच्या लोकांनी त्यालाही टाळ्या दिल्या.